माराचा नवरा नक्की कोण? (एल्डर स्क्रोल्स व्हिडिओगेम मालिका)

वाळूतली_घार (धागाकर्ता)
स्कायरिम गेममध्ये रिफ्टन शहराच्या देवळात लग्न लावताना पुजारी मारामल सांगतो की सगळी सृष्टी मारा देवीने जन्माला घातली. बरं, मग बाप कोण? चकार शब्द नाही. मॉरोविंड या आधीच्या गेममध्ये (२००२) पंथांची माहिती देणारं एक पुस्तक सापडतं, त्यात एका वाक्यात उरकलंय: धर्म बदलेल तशी ती अकाटोश देवाची बायको, नाहीतर लोरखान देवाची, नाहीतर दोघांचीही रखेल.

माझ्या मते हा सगळा तहाचा मामला आहे. एल्फांचा ऑरी-एल (म्हणजे अकाटोशच) आणि नॉर्ड या माणसांच्या जमातीचा शोर (म्हणजे लोरखान) हाडवैरी. एल्फांचा योद्धा देव ट्रिनिमॅकने लोरखानचं काळीज उपटलं, ते काही केल्या नष्ट होईना, तेव्हा ऑरी-एलने बाणाला बांधून समुद्रात सोडलं. अशा दोघांचे भक्त माणसांचं साम्राज्य उभारणाऱ्या राणी अलेसियाला एका राज्यात नांदवायचे होते. प्रजेला एल्फांचे देव सवयीचे, आणि नॉर्डांची फौज तर हवीच. म्हणून तिने आठ देवांचा नवा पंथ जुळवला. त्यात माराला कुठलाही एक नवरा दिला असता तर दुसरी बाजू बिथरली असती. सबब माराला आई म्हणून ठेवलं आणि नवऱ्याचं नावच गाळलं.

अर्धा_मासर
तहाचं कारण साम्राज्यापुरतं चालेल, पण मुळात दोन नवरे आले कुठून? ते अलेसियाच्या कितीतरी आधीचे आहेत. सृष्टीच्या जुन्या कथेत आनू आणि पाडोमे हे दोघे भाऊ, निर ही बाई आनूवर जीव टाकते, पाडोमे चिडून तिला मारतो, ती सृष्टीला जन्म देते आणि मरते. दोन पुरुष, एक बाई, एक घाव, त्यातून जग. खाजीत या मांजरमाणसांकडेही आनूर बायको फादोमाईला मारतो आणि ती पळून जाऊन अंधारात शेवटची पिल्लं घालते. तुम्ही म्हणता त्याच पुस्तकात माराचं नातं निरशी जोडलंय. अकाटोश आणि लोरखान ही त्या दोन भावांचीच पुढची आवृत्ती. अलेसियाने फार तर त्यावर पांघरूण घातलं.

वाळूतली_घार
खाजीतांच्या कथेत दुसरा पुरुष दाखवा बरं! तिथे मारणारा खुद्द नवरा आहे. फार पोरं झाली तर आपलं सुख जाईल, आता पुरे, असं आनूरने बजावलं होतं. तरी पोरं होताना पाहून त्याने हात उचलला. ही प्रेमाच्या त्रिकोणाची गोष्ट नव्हे, घरातल्या मारहाणीची आहे. हातात साचा असला की सगळं त्यात बसवायचा मोह होतो.

दगडी_कासव
मंडळी, त्याही आधीच्या डॅगरफॉल गेममध्ये (१९९६) माराची देवळं होती, पण हा नवऱ्यांचा घोळ नव्हता. पुराणं लेखकांनी मागाहून रचली, तीही मुद्दाम एकमेकांशी न जुळणारी. तुम्ही रात्री जागवताय कशापायी?

अर्धा_मासर
मुद्दाम न जुळणारी रचली, म्हणूनच जागवतोय. लोरवर (गेममधल्या पुराणांवर) बोलायचं नसेल तर धागा उघडण्याची सक्ती नाही.

वादळवाट
सगळे नवरे मोजताय, मला कायनेबद्दल बोलायचंय. नॉर्डांकडे ती शोरची विधवा, वादळाची आणि योद्ध्यांची देवी. स्कायरिममध्ये हाय ह्रॉथगार या डोंगरावरच्या मठाच्या वाटेवर शिलालेख आहेत, पळत वर जाऊ नका, थांबून वाचा. ड्रॅगन माणसांवर राज्य करतात, तेव्हा कायने पार्थर्नाक्स या ड्रॅगनला हाक मारते आणि माणसांना व्हॉइस (आवाजाची जादुई शक्ती) मिळतो. शोर त्यात कुठेच नाही. सोव्हनगार्डमध्येही (नॉर्डांच्या स्वर्गात) त्याचं सिंहासन रिकामं असतं. नवरा गेला, त्याची माणसं उघड्यावर पडली, आणि त्यांचं हिने पाहिलं.

साम्राज्याने तिची कायनारेथ केली: वारा, पाऊस, झाडं. वैधव्य काढलं आणि त्याबरोबर तिचा रागही काढून घेतला. धागाकर्त्यांना तह म्हणजे शहाणपण वाटतंय. पण त्या तहात ऑरी-एल अकाटोश होऊन सगळ्यांच्या वर बसला आणि शोर त्या आठांत नाहीच. दोन्ही बाजू राखल्या म्हणता, मग बायकोला नवऱ्याचं नावही का घेता येत नाही?

वाळूतली_घार
कारण जुन्या शोरच्या नावाने एल्फांची कत्तलच आठवायची. अलेसियाने त्याला शेझार या नव्या नावाने सौम्य केला, तसंच कायनेला. राज्य नवं होतं हो, सूड घेणारी विधवा देवळात बसवून कसं चालेल?

आणि मासरभाऊ, मारा म्हणजे निर हे मान्य केलं तर मारामलचं पुढचं वाक्य वाचा: तिने लेकरांवर लक्ष ठेवायचं वचन दिलं. तुमची निर तर बाळंतपणातच गेली. वचन कुणी दिलं?

अर्धा_मासर
मेलेल्या देवाने जगात काही करायचं नाही असं टॅमरिएलमध्ये (गेममधल्या भूमीत) कधीपासून ठरलं? लोरखानचं काळीज रेड माउंटन या डोंगराखाली होतं, आणि त्याच्याच जोरावर तिघे जण देव होऊन बसले.

वादळवाट
म्हणजे मेलेला नवरा चालतो, मेलेली आईही चालते, फक्त विधवा चालत नाही.