मदत हवी आहे: (सी) लिहिलं की © होतं, आणि बाणाचा 'ए'

मंडळी, एका करारनाम्याचा मसुदा वर्डमध्ये टाइप करतेय. पोटकलमांना इंग्रजी अक्षरं द्यायची आहेत: (ए), (बी), (सी). पहिली दोन निमूट बसतात. तिसरीचा कंस पुरा केला रे केला, की तिथे © हजर! खोडून पुन्हा लिहिलं तरी तेच. सध्या दोन्ही कंस आधी टाकून मधे अक्षर घुसवते, पण असं किती वेळा करायचं?

दुसरं दुखणं याहून वाईट. टिपणात दोन आडव्या रेघा आणि > दाबलं, छान बाण उमटला. तोच मजकूर मेलमध्ये साधा करून चिकटवला, तर बाणाच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी 'ए' आणि हसऱ्या चेहऱ्याच्या जागी नुसता 'जे'. पलीकडून विचारणा, "हे जे कोण?"

ऑटोकरेक्ट सरसकट बंद करायचं नाहीये. त्यात मी 'लिदे'चं 'लिहून देणार', 'लिघे'चं 'लिहून घेणार' असं बरंच भरून ठेवलंय. शिवाय लांब डॅश हवा असतो. ऑल्ट + ०१५१ माहीत आहे, पण लॅपटॉपला नंबर पॅडच नाही. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १
फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स. यादीत (सी)ची ओळ अगदी वरच सापडेल. तेवढीच निवडून डिलीट करा, तुमच्या लिदे-लिघेला धक्का लागत नाही. एखाद्याच वेळी नको असेल तर © उमटल्याबरोबर कंट्रोल + झेड.

बाणाची गंमत अशी, की तो बाण नसतोच. विंगडिंग्ज फॉन्टमध्ये त्या तिरक्या रेघेच्या 'ए'ची आकृती बाणाची आहे आणि 'जे'ची हसऱ्या चेहऱ्याची. मजकूर साधा केला की फॉन्ट गळतो आणि मूळ अक्षर उघडं पडतं. म्हणून त्याही ओळी यादीतून उडवा. खरा बाण हवा तर २१९२ लिहून लगेच ऑल्ट + एक्स दाबा. लांब डॅशला २०१४, आखूडला २०१३. नंबर पॅड लागत नाही, मात्र आकडे इंग्रजीच हवेत. आधी दुसरा आकडा चिकटून असेल तर तोही कोडात ओढला जातो, तेव्हा चारच आकडे निवडून मग दाबा.

प्रतिसाद २
ऑल्ट + एक्सनेच ०९३१ चा ऱ होतो, त्याला हलन्त आणि य जोडला की 'दुसऱ्या'. इनस्क्रिप्ट कळफलक (कीबोर्ड) वापरणाऱ्यांना तेही नको, र च्या कळीवर शिफ्ट दाबलं की झालं. मी 'दुसर्या'चं 'दुसऱ्या' ऑटोकरेक्टमध्येच भरलंय. त्याच उत्साहात 'दर्या'ही भरला आणि एका लेखात समुद्राच्या डोंगरदऱ्या झाल्या. दोन्ही शब्द खरे असतील तिथे ही युक्ती नको.

धागाकर्ती
(सी) सुटला, बाणही! पण १/२ इंग्रजीत लिहिलं की अजून आपोआप ½ होतंय, आणि यादीत ते कुठेच नाही.

प्रतिसाद १
ते शेजारच्या टॅबमध्ये, 'ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप'. फ्रॅक्शन्सच्या ओळीवरची खूण काढून टाका. सरळ अवतरणचिन्हं आपोआप वळतात ना, ती खूणही तिथेच आहे.