प्रति: रोटरी फाइल वापरूनही दाढ का दुखते?

म्हापशाच्या ताई म्हणतात, रूट कॅनालला महागडी रोटरी फाइल (दाताच्या मुळातली नळी खरवडणारी, यंत्राने फिरणारी बारीक कानस) वापरूनही दाढ पुन्हा ठणकतेय. मी फोंड्यात दातांचाच दवाखाना चालवतो, म्हणून लिहितो. फाइल कुठलीही घ्या, कॅनालच्या, म्हणजे मुळातल्या त्या नळीच्या, भिंतीचा साधारण तिसरा हिस्सा तरी तिला लागतच नाही. मायक्रो-सीटीने (दाताच्या अतिसूक्ष्म स्कॅनने) हे केव्हाच दाखवलंय. तिथली घाण निघते ती धुण्याच्या औषधांनी: जंतू मारणाऱ्या सोडियम हायपोक्लोराइटने, आणि शेवटी भिंतीवरचा खरवडीचा थर काढणाऱ्या 17 टक्के ईडीटीएने. पण औषध मुळाच्या टोकापर्यंत पोचायला हवं ना! सुईच्या पुढे ते जेमतेम जातं, त्यात हवेचा बुडबुडा अडून बसतो. म्हणून आम्ही डॉक्टरांनी बाजूला भोक असलेली बारीक सुई टोकाच्या 1-2 मिमी अलीकडे सैल धरायची, वरखाली हलवत हळू दाबायचं. सुई अडकली नि जोर लावला, तर हायपोक्लोराइट मुळाबाहेर जातं आणि गाल बघता बघता टम्म सुजतो.

अल्ट्रासॉनिकने (अतिजलद कंपनांच्या यंत्राने) औषध घुसळलं की सफाई चांगली होते, हे खरं. दात त्यामुळे जास्त टिकतो याचा पुरावा मात्र अजून तोकडाच. त्याआधी रबर डॅम (लाळ आत जाऊ नये म्हणून दाताभोवती ताणायचा पातळ रबरी पडदा) लावला होता का, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. दुसरं मत हवं असेल तर बांबोळीचं सरकारी दंत महाविद्यालय आहेच. जुने एक्स-रे सोबत न्या.