'सिड्यूस करणे'ला मराठी क्रियापद कोणतं? (भुरळ, फूस, नाद वगैरे)

पडद्यामागची:
मंडळी, एका वाक्यावर अडलेय. 'डबल इन्डेम्निटी' (१९४४) या कृष्णधवल सिनेमाची मराठी उपशीर्षकं आणि सोबतचं एक पानी टिपण करायचंय. खेळ सांगलीत, प्रेक्षक विशीच्या आतले आणि साठीच्या पुढचे, दोन्ही. टिपणातलं वाक्य असं: फिलिस विमा एजंटाला 'सिड्यूस' करते आणि त्याच्या हातून नवऱ्याचा खून करवते. 'मोहात पाडते' लिहिलं तर साडीच्या जाहिरातीसारखं वाटतं. 'भुरळ घालते' पुळचट. 'फूस लावते' लिहिलं, तर हरकत आली की फूस बाईला लावतात, बाप्याला नाही. खरंय का हे? शिवाय उपशीर्षकाला दोन ओळी, ओळीला चाळीसेक अक्षरं आणि पडद्यावर दोन-अडीच सेकंद एवढीच जागा. 'आपल्या रूपाच्या जोरावर वश करून घेते' असली लांबण चालणार नाही.

कोर्टकचेरी:
हरकत बरोबर, कारण चुकलंय. फूस बाईलाच लावतात असं नाही, दुसऱ्याच्या ताब्यातल्या माणसाला लावतात. फिर्यादीतला ठरलेला मजकूर आठवा: 'कायदेशीर रखवालीतून फूस लावून पळवून नेले'. यातला वजनदार शब्द 'रखवाली' आहे. जुन्या दंडसंहितेच्या कलम ३६१ मध्ये मुलगा सोळाच्या आतला आणि मुलगी अठराच्या आतली हवी होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेच्या कलम १३७ मध्ये दोघांनाही अठरा. मूल राजीखुशीनं गेलं तरी गुन्हा होतोच, कारण तक्रार मुलाची नसून पालकाची असते. विवाहितेला फूस लावून नेण्याचं जुनं कलम ४९८ आता ८४ झालंय, पण आहे. तिथं तक्रार नवऱ्याची.

म्हणजे फूस लावायला तीन माणसं लागतात: लावणारा, लागणारा आणि ज्याचं काहीतरी गेलं तो. तुमचा एजंट सडाफटिंग. तो कुणाच्या रखवालीत आहे? विमा कंपनीच्या म्हणायचं असेल तर गोष्ट वेगळी.

तासगावकर:
फूस म्हणजे सापाचा फूत्कार. कानात फुंकलेलं ते फूस. 'कानफुसकी' बघा.

कोर्टकचेरी:
मग हिंदीतलं 'फुसलाना' कुठून आलं? तेही सापाचं?

तासगावकर:
साप हिंदीतही फूसच करतो की.

व्याकरणवेडा:
व्युत्पत्तीचं राहू द्या, जरा कर्त्याकडे बघा. इंग्रजीत ती कर्ता, तो कर्म. आता मराठीत अशा प्रसंगी माणसं आपणहून काय बोलतात ते आठवा. 'तो तिच्या नादी लागला.' 'तो भुलला.' 'तो पाघळला.' 'त्याचा पाय घसरला.' 'त्याला तिची भुरळ पडली.' यातल्या एकाही वाक्यात ती कर्ता नाही. भुरळ तर पावसासारखी आपोआप पडते. भुलवणे, नादी लावणे ही प्रयोजक रूपं आहेत, पण ती आरोप करताना वापरतात, गोष्ट सांगताना नाही. आपल्या भाषेत ही क्रिया घसरणाऱ्याच्या नावावर मांडलेली असते. म्हणून तुम्हाला क्रियापद सापडेना.

आणि त्या सिनेमाला ते शोभतंही. एजंट स्वतःच कबूल करतो, की कंपनीला गंडवता कसं येईल हे त्याच्या डोक्यात आधीपासून घोळत होतं. खुमखुमी त्याचीच. तिनं नुसतं दार उघडलं. तेव्हा वाक्य फिरवून घ्या: 'एजंट फिलिसच्या नादी लागतो आणि तिच्या नवऱ्याचा खून करतो.'

पडद्यामागची:
फिरवलं तर तिचा डाव नाहीसा होतो ना! अपघाती विम्याच्या अर्जावर नवऱ्याची सही त्याच्या नकळत घेतली जाते. रेल्वेत मेला तर रक्कम दुप्पट मिळते, म्हणून मरण रेल्वेतलं दिसायला हवं. इतकं सगळं तिला हवं असताना वाक्यात ती नुसती 'च्या नादी'पुरती उरते. अन्यायच की हा तिच्यावर.

नाद_खुळा:
ताई, आपल्या भागात 'नादी' लिहाल तर गोंधळ होईल. सांगली-साताऱ्याकडं नाद म्हणजे शौक. शर्यतीच्या बैलांचा नाद, कुस्तीचा नाद. आणि 'माझा नाद करू नको' म्हणजे माझ्या वाटंला जाऊ नको. 'नाद करायचा न्हाय' हे पोरं गाडीच्या मागच्या काचंवर लिहित्यात. विशीतलं पब्लिक 'फिलिसचा नाद' वाचून समजंल, की एजंटानं तिला आव्हान दिलंय. 'घोळात घेतलं' लिहा. सरळ, आपलं, आणि बाई पण कर्ता ऱ्हाती.

हरिपूरकर:
'घोळात घेतलं' हे सातबाऱ्याच्या व्यवहाराला ठीक. लोकहो, ज्या हरिपुरात देवल जन्मले आणि ज्या सांगलीत खाडिलकर जन्मले, तिथं आपण बाईच्या मोहिनीला गाडीच्या काचेवरची भाषा लावणार? नाद हा ध्वनीच आहे. पारध्याच्या गाण्याला भुलून हरिण जाळ्यात येतं, ती कल्पना संस्कृतात पक्की आहे. कुरंग, मातंग, पतंग, भृंग, मीन: हरिण आवाजानं, हत्ती स्पर्शानं, पतंग रूपानं, भुंगा वासानं आणि मासा चवीनं मरतो. 'नादी लागणे' त्या हरणाचं आहे. फिलिसच्या बाबतीत पतंगाचा शब्द हवा, हरणाचा नको.

योग्य शब्द एकच, 'मोहिनी घालणे'. भस्मासुराला विष्णूनं मोहिनीरूपात हात लावला नाही की शस्त्र उचललं नाही. ती नाचली, तिच्यासारखं तोही नाचत गेला, आणि तिनं स्वतःच्या डोक्यावर हात ठेवला तसा त्यानंही ठेवला. स्वतःच्या हातानं भस्म झाला. विमा एजंटाचं याहून वेगळं काय होतं?

व्याकरणवेडा:
दृष्टान्त उत्तम, पण निकाल उलटा लागतो. मोहिनी देवांच्या बाजूची आहे आणि भस्मासूर मेला पाहिजे असंच ऐकणाऱ्याला वाटतं. त्यापेक्षा सुंद-उपसुंदांसाठी घडवलेली तिलोत्तमा घ्या. प्रत्येक सुंदर वस्तूतला तीळ तीळ घेऊन ती बनवली. दोघं भाऊ तिच्यासाठी एकमेकांना मारून मेले. पण तीही देवांचीच हस्तक. आपल्या पुराणांत भुलवणारी बाई बहुतेक कुणीतरी वरून पाठवलेली असते. मेनका इंद्रानं पाठवली. स्वतःच्या फायद्यासाठी भुलवणारी फिलिस म्हणूनच आपल्या शब्दांत बसत नाही. तिला पाठवणारा इंद्र नाही.

कासपठारी:
'भुरळ'वर 'पुळचट' असा शिक्का मारलात, त्याबद्दल दोन शब्द. दोष शब्दाचा नाही. दर सप्टेंबरात 'कास पठाराची पर्यटकांना भुरळ' असे मथळे छापून छापून त्याचे दात पाडलेत. त्याच पठारावर खरी भुरळ बोटभर उंचीवर चाललेली असते, तिकडे कुणाचं लक्ष नसतं. दवबिंदू नावाची वनस्पती आहे. मातीत नत्र कमी, म्हणून ती किडे खाते. पानावर लालसर केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट द्रवाचा एक थेंब. उन्हात तो मधासारखा चमकतो. किडा मध समजून बसतो आणि पाय चिकटतात. सुटायला धडपडला की आणखी केसांना लागतो. आजूबाजूचे केस हळूहळू त्याच्यावर वाकतात आणि मग पाचक रस सुटतो. धडपड जितकी जास्त तितकी पकड घट्ट.

आणि तिच्या शेजारीच सीतेची आसवं. निळी-जांभळी नाजूक फुलं, नाव करुण, आणि तीही मांसाहारी. पण तिचे फुगे ओल्या मातीत लपलेले. बारीक जीव फुग्याच्या केसाला लागला की पापणी लवायच्या आत पाण्यासकट आत ओढला जातो. तिथं थेंबाची चमक नाही की मधाचा भास नाही, तो नुसता सापळा. 'भुरळ' आणि 'सापळा' यांतला फरक हवा असेल तर या दोन वनस्पती बघा. वर्तमानपत्रं हनी ट्रॅपला 'मोहजाल' म्हणतात, ते दवबिंदूचं. तेव्हा 'भुरळ घालते' बिनधास्त लिहा.

मिरजकरीण:
डॉक्टरांनी पळवलेले शब्दही मोजा. मिरजेत कुणालाही 'भूल' म्हणा, ऑपरेशन आठवेल. भूलतज्ज्ञ, भूल उतरणे. 'संमोहन' मदनाच्या पाच बाणांपैकी एक: उन्मादन, तापन, शोषण, स्तंभन, संमोहन. आज संमोहन म्हटलं की सिगारेट सोडवणारं शिबिर. आणि 'शोषण'चं काय झालं ते सांगायलाच नको. पाचातला एकही बाण मदनाकडे राहिला नाही.

पडद्यामागची:
हे सगळं आवडलं, पण उद्यापर्यंत पहिला अर्धा तास द्यायचाय आणि आता नवीनच खिळा लागलाय. फिलिस जिन्यावरून उतरते तेव्हा तिच्या पायात अँकलेट आहे. कॅमेरा आधी पायावर, मग चेहऱ्यावर. एजंट पुढे त्याबद्दल बोलतो, त्यावर काय कोरलंय विचारतो, आणि ते तिचंच नाव असतं. त्या काळी हॉलिवूडच्या नियमावलीत असलं सगळं फक्त सुचवायची मुभा, म्हणून सगळा मामला त्या एका दागिन्यावर आणून ठेवलाय. 'पैंजण' लिहू?

मिरजकरीण:
अजिबात नको! पैंजण वाजतात, हा दागिना मुका आहे. पैंजण चांदीचे, दोन्ही पायांत, आणि आपल्याकडे रांगणाऱ्या पोरीपासून सगळ्यांच्या पायात. वाचणाऱ्याला घरची सून आठवेल. अमेरिकेत त्या काळी नवऱ्याच्या घरात, दिवसाढवळ्या, परक्या माणसासमोर एका पायात नावाची साखळी मिरवणं म्हणजे काहीतरी सुचवणं होतं. 'पायातली साखळी' लिहा. बेडीचीही छटा येते.

हरिपूरकर:
साखळी दाराला आणि कुत्र्याला. 'तोरडी' म्हणा.

मिरजकरीण:
तोरडी विशीतल्या कुणाला कळणार? आणि बाळाची तोरडी घालून खून करवायचा?

तासगावकर:
पायातली धोकादायक वस्तू आपल्याकडे एकच, चाळ. बाईनं पायात चाळ बांधले म्हणजे ती फडावर उभी राहिली. पहिला वग मानतात तो 'मोहना-बटाव' आमच्याच सावळजच्या उमा-बाबूंचा, तेव्हा यातलं आम्हाला थोडं कळतं. आणि ज्या क्रियापदासाठी एवढा काथ्याकूट चाललाय तेही यातलंच: 'चाळवणे'. चाळांच्या आवाजानं मन हलवणं म्हणजे चाळवणं. 'फिलिस एजंटाला चाळवते.' घ्या, मिटलं.

व्याकरणवेडा:
क्रियापद चांगलं, व्युत्पत्ती फडावरची. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तसं चळणे-चाळणे, आणि त्यावरून चाळवणे. मूळ संस्कृत 'चल्'. 'म्हातारचळ'मधला चळ तोच. झोप चाळवते, भूक चाळवते, तिथं कुठले घुंगरू? शिवाय चाळवणं म्हणजे निजलेलं जागं करणं, तेवढंच. खुनापर्यंत नेणं त्यात नाही. इंग्रजी शब्दाचं लॅटिन मूळ 'बाजूला नेणे' असं आहे, त्यातलं 'नेणं' महत्त्वाचं.

कोर्टकचेरी:
बाजूला नेणे? मग कायद्याच्या मराठीत ते शब्दशः आहेच: 'अपनयन'. अप म्हणजे दूर, नयन म्हणजे नेणं.

पडद्यामागची:
'फिलिस एजंटाचं अपनयन करते.' लोक म्हणतील डोळ्यांचं ऑपरेशन झालं.

नाद_खुळा:
म्हणून म्हणतोय, घोळात घेतलं!

तासगावकर:
चल्-बिल् काही असो, घुंगराशिवाय चाळ नाही. आणि वर कुणीतरी 'पैंजण वाजतात' म्हणालं, त्यांनी एकदा चाळ हातात घेऊन बघावा. पैंजणाची किणकिण कुठं आणि चाळाचं वजन कुठं.

मिरजकरीण:
'कुणीतरी' नाही, मी. आणि चाळ मला माहीत आहेत. कथकला एका पायात शंभरावर घुंगरू बांधतात. पितळी घुंगरू सुती दोरीत ओवायचे, नायलॉनच्या नाही, कारण नायलॉनवर गाठ सरकते. प्रत्येक घुंगरामागं गाठ मारून घ्यायची, म्हणजे मध्येच दोरी तुटली तरी एक-दोनच ओघळतात, सगळे स्टेजभर होत नाहीत. बांधायच्या आधी घोट्याला कापडाची पट्टी, नाहीतर हाड सोलून निघतं. सैल बांधले तर ठेका मागं पडतो, आवळून बांधले तर पायाला मुंग्या येतात.

तासगावकर:
प्रत्येक घुंगराला गाठ हे कथकवाल्यांचं. फडावर पट्टीवर शिवलेले असतात.

मिरजकरीण:
शिवलेले असले तर एक तुटला की कडेची शिवण उसवत जाते.

तासगावकर:
उसवत नाही. दोरा मेणाचा असतो.

पडद्यामागची:
क्रियापद?

मिरजकरीण:
मेणाचा दोरा घामानं दोन खेळांतच भुसभुशीत होतो. दुहेरी सुती घ्या आणि शिवल्यावर दर चार टाक्यांमागं गाठ मारा.