लस चुकवू नका, रसायनं रोखा

"प्रदूषणामुळे लस लागूच पडत नसेल, तर मुलांना टोचायची कशाला?" हा वरचा प्रश्न वाचून राहवलं नाही. लस लागू पडते, फक्त काही रसायनं अंगात जास्त असलेल्या मुलांत अँटीबॉडी, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिनं, कमी भरत असाव्यात. उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवरच्या मुलांचा, फिलिप ग्रांजाँ या संशोधकाच्या गटाचा अभ्यास २०१२ साली आला. नॉनस्टिक भांडी, डाग न धरणारं कापड, आग विझवायचा फेस यांतली पीएफएएस रसायनं ज्यांच्या रक्तात पाचव्या वर्षी इतरांच्या दुप्पट होती, त्यांच्यात सातव्या वर्षी धनुर्वात आणि घटसर्पाविरुद्धच्या अँटीबॉडी जवळपास निम्म्याच आढळल्या. हा सांख्यिकी संबंध आहे, रसायनंच कारण असल्याचा पुरावा नव्हे, हे मान्य. तरी २०२० मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने चार पीएफएएस मिळून आठवड्याला शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे ४.४ नॅनोग्रॅम (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग) ही मर्यादा घातली, ती लसीला मिळणारा हाच कमी प्रतिसाद पाहून.

ही रसायनं आईच्या दुधातूनही बाळाकडे जातात. पण तेवढ्यासाठी कुणी कृपा करून अंगावर पाजणं थांबवू नका. त्याचे फायदे फार मोठे आहेत. अँटीबॉडी कमी भरत असतील, तर ठरलेला बूस्टर वेळेवर देणं जास्तच गरजेचं ठरतं. आणि भांडायचंच असेल, तर पाण्यात ही रसायनं सोडणाऱ्यांशी भांडू या.