लकव्याच्या पहिल्या आठवड्यात एफ-वेव्ह कशाला?

कोपरीकर
"एफ-वेव्ह काढल्याशिवाय लकव्याच्या पेशंटची फिजिओ म्हणजे अंधारात चाचपडणं, पहिल्या आठवड्यातच सगळ्यांची करा" अशी पोस्ट काल इथे आली आणि लोकांनी माना डोलावल्या. डोकं उठलं, म्हणून लिहितोय.

एफ-वेव्ह म्हणजे नसेला शॉक दिला की कण्यापर्यंत जाऊन स्नायूत परत येणारी छोटी लाट. वडिलांची तिसऱ्या दिवशी केली. डावा हात लुळा. रिपोर्टात "एफ-वेव्ह मिळाली नाही". आईने हात गेलाच म्हणून रडून घर डोक्यावर घेतलं. अहो, हात ढिला असताना ती कमी मिळते किंवा मिळतच नाही! मेंदूकडून येणारा हुकूम तुटला की कण्यातले मोटर न्यूरॉन, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या पेशी, काही दिवस गप्प पडतात, मरत नाहीत. पुढे ताठरपणा आला की तीच लाट मोठी होऊन परत येते. मग त्या कागदाने उपचारात काय बदललं? शून्य. खांदा उचलतो का, बोटं उघडतात का, हे पलंगाशी उभं राहून फुकट बघता येतं आणि हाताचा अंदाज त्यावरूनच जास्त लागतो.

ईएमजीवाली वाशी
राग रिपोर्ट समजावून न सांगणाऱ्यावर काढा, तपासणीवर नको. एफ एकटी कुणी वाचतं का? सोबत एम-वेव्ह असते, म्हणजे त्याच शॉकने नसेतून थेट स्नायूत उमटणारी लाट. आठवडा उलटून गेल्यावर तीच लहान आली तर दोष फक्त मेंदूत नाही, खाली नसेतही काहीतरी आहे. शुगरवाल्यांत हे पावलोपावली दिसतं. आणि सोलियसचा, म्हणजे पोटरीच्या स्नायूचा, एच-रिफ्लेक्स? हॉफमनने 1910 मध्ये दाखवलाय, कालची फॅशन नाही. सुरुवातीच्या दिवसांत एफ गायब आणि एच टिकून, असं होतं, कारण एच संवेदी तंतूंवरून सायनॅप्स, म्हणजे दोन न्यूरॉनमधला सांधा, ओलांडून येतो आणि एफ म्हणजे उलट्या लहरीने न्यूरॉन स्वतःच पुन्हा पेटणं. दोन्ही बाजू मोजल्या, दर पंधरवड्याला मोजल्या, तर कणा कुठल्या दिशेने चाललाय ते कळतं.

नेरुळकाका
मॅडम, कणा राहू द्या. ठाण्यातल्या घोडबंदरचा पेशंट साडेचार तासांत गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनपर्यंत पोचतो का ते आधी मोजा.

गायमुखग्रस्त
काका, दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. सासऱ्यांचं तोंड वाकडं झालं तेव्हा अँब्युलन्स घाटाखाली कंटेनरच्या मागे अडकली. सायरन वाजतोय, पुढचा ड्रायव्हर हात वर करून दाखवतोय की जाऊ कुठे. सीटी होईपर्यंत वेळ निघून गेली. मेट्रोचे खांब झाले, सर्व्हिस रोड खणून झाले, टॉवर तर रोज नवा.

नेरुळकाका
म्हणून म्हणतो, सिडकोने आखलेल्या गावात राहावं. पाम बीचवरून दहा मिनिटांत...

गायमुखग्रस्त
संध्याकाळी शीळफाट्याला उभे राहून हे बोला! लोकांची माणसं गेलीत आणि तुम्हाला प्लॉटची जाहिरात सुचते?

नेरुळकाका
जाहिरात कुणी केली? तोंड सांभाळून. माझी बहीण माजिवड्याला राहते, मला शिकवू नका.

फिजिओ ढोकाळी
रस्त्यांसाठी वेगळा धागा काढा हो. मुद्द्यावर मी निम्मा कोपरीकरांकडे. एका पेशंटचं भवितव्य एफवरून सांगू नये. त्यापेक्षा पहिल्या आठवड्यात मेंदूला चुंबकीय झटका देऊन हातात प्रतिसाद येतो का हे बघणं जास्त कामाचं, फक्त मशीन जवळपास मिळायला हवं. पण ताठरपणा कसा चढतो हे गटागटाने समजून घ्यायचं, तर एफ आणि एच मोजल्याशिवाय कसं कळणार? निव्वळ हात वाकवून ताठरपणाला अ‍ॅशवर्थचे आकडे द्यायचे? त्यात माझा हात वेगळा, तुमचा वेगळा. बाकी तपासणीला पैसे असतात, माझ्या व्हिजिटला मात्र घासाघीस, आणि दुपारी मालिशवाला येऊन ढिला खांदा ओढून जातो. त्यावर कुणी धागा काढत नाही.

कोपरीकर
मालिशवाला आमच्याकडे नाही, टोमणा दुसरीकडे मारा. एम-वेव्हचं मान्य, वडिलांना जुनी शुगर आहे म्हणून. पण तुमच्या अभ्यासाचं बिल पेशंटने का भरायचं? अभ्यास करा, लेखी संमती घ्या, फुकट करा.

ईएमजीवाली वाशी
ते बरोबर. रिपोर्टात शॉक किती दिलेत? दर शॉकला शंभरातले फार तर पाच न्यूरॉन परत पेटतात, तेही दर वेळी वेगळे. दहा-वीस तरी लागतात.

कोपरीकर
सहा.

ईएमजीवाली वाशी
सहावर "मिळाली नाही" लिहायला नको होतं. पण म्हणून तपासणी टाकाऊ ठरत नाही.

कोपरीकर
आमच्या घरी ठरली. तुमच्या लॅबमध्ये वीस शॉक देत असाल तर अभिनंदन.

गायमुखग्रस्त
काका, बहिणीला विचारा माजिवड्याच्या पुलावर आत्ता काय चाललंय.