शब्दचर्चा : लेण्यात राहणारा तो संन्यासी की भिक्खू?

प्रश्न : आठवीची मुलं नाशिकच्या पांडवलेण्यावर न्यायची आहेत. माहितीपत्रकात मी लिहिलं, "इथे बौद्ध संन्यासी राहत." सहकारी बाई म्हणाल्या, 'संन्यासी' खोडा. मग काय लिहू? आणि या सगळ्या जीवनपद्धतीला, म्हणजे मोनॅस्टिसिझमला, आपल्याकडे एक शब्द आहे का?

पंचवटीकर : बाईंचं बरोबर आहे. संन्यास म्हणजे टाकून देणं, चार आश्रमांतला शेवटचा. भिक्खू म्हणजे भिक्षेवर जगणारा. एका शब्दात काय सोडलं ते आहे, दुसऱ्यात पोट कसं भरतं ते. शिवाय नाशकात हे शब्द सैल वापरून चालत नाही. सिंहस्थात बैरागी म्हणजे वैष्णव, त्यांचं स्नान रामकुंडावर. शैव संन्यासी त्र्यंबकला कुशावर्तावर. खरं तर वैराग्य असेल तो कुणीही बैरागी, पण तसं साधुग्रामात, म्हणजे सिंहस्थातल्या साधूंच्या वसाहतीत, बोलून बघा! (आमची आजी 2015 साली दोघांनाही 'बुवा' म्हणूनच शिधा देत होती, तो भाग वेगळा.)

लेणीवेडा : शब्द हवा तर लेण्यालाच विचारा. 10 नंबरच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा कोरीव लेख आहे. त्याने भिक्षुसंघासाठी 3000 कार्षापण (तेव्हाची नाणी) कायम ठेव म्हणून दिले. त्यातले 2000 गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघटनेकडे, महिना शेकडा 1 व्याजाने. वर्षाचे झाले 240. लेखात पुढे म्हटलंय, माझ्या लेण्यात 'वसवुथ' असलेल्या 20 भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी 12. हिशेब चोख जुळतो. यातला 'वसवुथ' म्हणजे वर्षावासाला, पावसाळ्यातल्या मुक्कामाला, राहिलेला. आणि लेखात 'लेण' हाच शब्द आहे, आपण आजही तोच बोलतो. (अंगावरचं लेणं वेगळं, ते 'लेणे' या क्रियापदातून आलं.)

म्हसरूळवाला : पत्रकात 'विहार' लिहिणार असाल तर जपून. आमच्याकडे गजपंथाला, जैनांच्या तीर्थाला, जैन मुनी येतात. 'महाराजांचा आज विहार' म्हणजे महाराज पायी निघाले. बौद्धांकडे विहार म्हणजे राहायची जागा. एकच शब्द, एकीकडे चालणं, दुसरीकडे मुक्काम. मला वाटतं सांधा पावसाळ्यात आहे. एरवी फिरायचं, पावसात जीवजंतू पायाखाली येतात म्हणून एका जागी थांबायचं. जैनांचा चातुर्मास, बौद्धांचा वर्षावास.

प्रश्नकर्ता : म्हणजे 'मठवास' चालेल का?

पंचवटीकर : तिबेट किंवा युरोपबद्दल लिहिताना खुशाल. पण रामदासांनंतर मराठीत मठाला आपला असा वास आहे, आणि 'मठाधिपती' तर आता साहित्य संमेलनात शिवी म्हणूनच ऐकू येतो. 'संन्यास'सुद्धा पुढाऱ्यांनी आणि क्रिकेटवाल्यांनी झिजवलाय. सगळ्यांना पुरेल असा एक शब्द नाही, आणि मला त्याची अडचणही वाटत नाही. ज्याचा पंथ त्याचा शब्द.

प्रश्नकर्ता : मग असं लिहितो : "इथे भिक्खू वर्षावासाला राहत."

लेणीवेडा : 'राहत' ऐवजी 'वसत' करा की. लेखातला धातू तोच आहे.

प्रश्नकर्ता : 'वसत' लिहिलं तर मुलं विचारतील, सर, म्हणजे वसतिगृह का?

लेणीवेडा : हो म्हणा. आत मधे मोकळी जागा, तीन बाजूंना खोल्या आणि खोलीत दगडाचा ओटा.