तोफखाना, मोर्चा की दमदमा? आणि त्याचे 'अवशेष' म्हणावेत का?

नीलमोहर
आमच्या इथल्या मंडळाच्या वार्षिक अंकासाठी फ्रान्समधल्या नॉर्मंडीतल्या एका जागेवर लेख लिहिला आहे. गाव लाँग-स्यूर-मेर, आरोमाँशच्या पश्चिमेला पाच-सहा किलोमीटर. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी तिथल्या कड्यामागे चार नौदली तोफा बसवल्या. नळीचा व्यास सुमारे १५ सेंटिमीटर, घडवल्या स्कोडाच्या पिल्झेनच्या कारखान्यात, पल्ला २० किलोमीटरच्या आसपास. एका बाजूला ओमाहा, दुसऱ्या बाजूला गोल्ड (जून १९४४मध्ये दोस्त सैन्य जिथे उतरलं त्या किनाऱ्यांची ही सांकेतिक नावं), दोन्ही किनारे माऱ्यात. आणि विशेष म्हणजे तोफा अजून तिथेच आहेत. नॉर्मंडीतल्या बाकीच्या अशा जागांवर काँक्रीट उरलं, तोफा गेल्या.

मी शीर्षक दिलं होतं 'जर्मन तोफखान्याचे अवशेष'. संपादकांनी बदलून 'जर्मन मोर्च्याचे भग्नावशेष' केलं. धाकट्या भावाने कच्चा खर्डा वाचला आणि विचारलं, "जर्मन लोकांनी कशासाठी मोर्चा काढला होता?" तेव्हापासून मी अडले आहे. तीन शंका आहेत.

१. अशा एकत्र बसवलेल्या तोफांना इंग्रजीत 'बॅटरी' म्हणतात. तिला मराठीत काय म्हणू?
२. प्रत्येक तोफ ज्या जाड काँक्रीटच्या खोलीत आहे, त्या 'केसमेट'ला काय म्हणू? समोर रुंद उघडं तोंड, वर दोन मीटर जाडीचं छत, मागे दारूगोळ्याच्या खोल्या.
३. 'अवशेष' चालेल का? माझ्या आईच्या तोंडी हा शब्द फक्त अपघातात सापडलेल्या देहाबद्दल येतो. आणि 'भग्न' म्हणावं तर तोफा धड उभ्या आहेत. चौथीची खोली स्फोटात फुटली आहे, तुटल्या कडेतून सळया वाकून बाहेर आल्यात. पण पहिल्या खोलीत गेले तर नळी सरळ समुद्राकडे रोखलेली. हात लावला तर गंजाचे पापुद्रे सुटून तळव्याला चिकटले, भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्यासारखे. हिला भग्न म्हणायला जीभ रेटत नाही.

देवळालीकर
ताई, बॅटरी ही बॅटरीच राहू द्या. माझी सगळी नोकरी तोफखान्यात गेली, सुरुवात देवळालीत. आमच्याकडे तोफखाना म्हणजे सैन्याची अख्खी शाखा. त्यात रेजिमेंट, रेजिमेंटमध्ये बॅटऱ्या. बॅटरी म्हणजे जागा नव्हे, माणसं आणि तोफा मिळून झालेली तुकडी. ती आज इथे, उद्या तिथे. 'तोफखान्याचे अवशेष' म्हटलं की मला तर सगळी शाखाच बुडाल्यासारखं वाटलं.

गडवाट
काका, इथे बॅटरी हलत नाहीये, ती काँक्रीटमध्ये रोवलेली आहे. किनाऱ्यावरची बॅटरी ही जागाच असते. मुंबई बंदरातलं मिडल ग्राउंडचं बेट बघा, त्यालाही कोस्टल बॅटरीच म्हणतात. कुलाब्यात बॅटरी स्ट्रीट आहे, ती तुकडीवरून नाही, जागेवरून.

माझं मत 'दमदमा'. तोफा चढवण्यासाठी केलेला उंच बांधीव चौथरा. शब्द आपल्या जुन्या कागदांत आहे, किल्ल्यांच्या लिखाणात आहे. मोर्चा हा वेढा घालणाऱ्याचा, किल्ल्याबाहेरचा. जर्मन तर किनारा राखत बसले होते, त्यांचा मोर्चा कसा होईल?

जुनी_पोथी
मोर्चा फक्त वेढा घालणाऱ्याचा, हे पटत नाही. तटावर कोणी कुठला भाग राखायचा ते वाटून देतात, तेव्हाही 'मोर्चे वाटून दिले' असंच म्हणतात. मूळ फारसी. 'मूर' म्हणजे मुंगी, आणि जमिनीत खणून आत बसायची जागा म्हणजे मुंगीचं बीळ, असं मला फार वर्षांपासून वाटत आलं आहे. बखरी वाचताना प्रत्येक वेळी डोळ्यासमोर वारूळच येतं. त्या अर्थाने संपादक बरोबर आहेत.

अडचण आजच्या वाचकाची आहे. मोर्चा आता निघतो, मंत्रालयावर जातो, अडवला जातो. जुना अर्थ उरला तो 'मोर्चेबांधणी'त आणि 'आपला मोर्चा वळवला' यात. तिथेही बोलणाऱ्याला तोफ आठवत नाही.

अमृतवेल
दमदमाही फारसी, मोर्चाही फारसी, तोफ तुर्की, बॅटरी फ्रेंच. मराठी शब्द कोणी सुचवणार आहे की नाही? शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला तो याच दुखण्यावर. सावरकरांनी महापौर, दिग्दर्शक, चित्रपट दिले तेव्हाही लोक म्हणाले होते की हे रुळणार नाहीत. आज कोणाला खटकतात? 'सागरी तोफस्थान' म्हणा. स्वच्छ कळतं. केसमेटला 'तोफकोष्ठ' म्हणा.

गडवाट
'सागरी तोफस्थान'मध्येही तोफ तुर्कीच राहिली, ताई.

अमृतवेल
ती राहू द्यावी लागते, मान्य आहे. चारशे वर्षं गावोगावच्या लोकांनी तो शब्द वापरला आहे. दमदमा आज कोण वापरतं? मेलेला परका शब्द उकरून काढण्यापेक्षा नवा आपला घडवावा, एवढंच माझं म्हणणं.

मांडवीकाठ
गोव्यातून. पोर्तुगीजमध्ये केसमेटला 'काझामाता' म्हणतात, मूळ इटालियन 'कासामात्ता'. 'कासा' म्हणजे घर यावर वाद नाही. 'मात्ता'वर आहे. कोणी म्हणतं वेडी, म्हणजे वेडं घर. कोणी म्हणतं मूळ ग्रीक आहे, फटी किंवा खड्डे अशा अर्थाचं. मला वेडं घर हेच खरं वाटतं. बाहेरून घर दिसतं, पण त्यात राहायचं नसतं.

आग्वादला लहानपणी मामा न्यायचे तेव्हा ते तोफेच्या जागेला 'तोफेचो खण' म्हणायचे. घराचे खण असतात तसा तटाचा खण. नीलमोहर, 'खण' कसा वाटतो?

नीलमोहर
खण छान आहे! पण पुण्यात खण म्हणजे आधी चोळीचा, मग कपाटाचा. 'चार खणांत चार तोफा' हे वाक्यात बसतं खरं. ठेवते लक्षात.

देवळालीकर काका, एक विचारायचं होतं. तिथे कड्याच्या अगदी टोकाला आणखी एक दुमजली बांधकाम आहे, त्यात तोफ नाही. समोर आडवी लांब फट, आणि वरच्या मजल्याचं छत नुसत्या लोखंडी खांबांवर तोललेलं. ते बॅटरीत धरायचं का?

देवळालीकर
ताई, तेच तर बॅटरीचं डोकं. तोफेजवळच्या माणसाने स्वतः जहाज बघून नेम धरायचा नसतो. जहाज किती लांब, कोणत्या दिशेला, किती वेगाने चाललंय, हे पुढच्या चौकीतून मोजतात. त्याचा हिशोब होतो, आणि तोफेपाशी फक्त आकडे येतात. नळी इतकी उचल, इतकी फिरव. पुढे डोळे, मागे हात. मधे जमिनीखालून टेलिफोनच्या तारा.

आमच्या वर्गात ही बॅटरी उदाहरण म्हणून शिकवली होती, म्हणून आठवतं. ६ जून १९४४च्या आधीच्या बॉम्बफेकीत खोल्यांना फारसं काही झालं नाही, पण तारा तुटल्या. दोस्त सैन्य किनाऱ्यावर उतरलं त्या दिवशी तोफा चालत होत्या, आकडे नीट पोचत नव्हते. ब्रिटिशांच्या एजॅक्स आणि आर्गोनॉट या क्रूझर युद्धनौकांनी मारा केला. मधे बॅटरीच्या तोफा गप्प झाल्या, दुपारी पुन्हा सुरू झाल्या. मग फ्रेंचांच्या जॉर्ज लेग या क्रूझरनेही गोळे टाकले. दुसऱ्या दिवशी, ७ जूनला, आतल्या लोकांनी शरणागती दिली. म्हणून म्हणतो, नुसती 'तोफांची जागा' असा शब्द घेतलात तर ती चौकी बाहेर राहते, आणि चौकीशिवाय त्या तोफा आंधळ्या.

उंबरठा
अनुवादाच्या धंद्यात आहे म्हणून दोन शब्द. काकांच्या प्रतिसादाने प्रश्न सोडवला नाही, वाढवला, आणि ते बरंच झालं. बॅटरी हा शब्द फ्रेंच 'बात्र'वरून, अर्थ मारणे, ठोकणे. आपल्याकडे नेमका हाच धातू याच कामाला आहे: तोफांचा मारा, माऱ्याच्या टप्प्यात, माऱ्याची जागा. 'माऱ्याचं ठाणं' का नको? ठाणं म्हटलं की चौकी आली, तोफा आल्या, माणसंही आली.

जुनी_पोथी
जुन्या पत्रांतून 'तोफांची मारगिरी' येतं. सुरेख शब्द आहे. उंबरठा यांच्या 'मारा'ला तो जोडता येईल.

वेशीबाहेर
मी धागा सुरुवातीपासून वाचतेय. आमच्या गावाकडे बॅटरी म्हणजे हातातला टॉर्च. "बॅटरी घेऊन जा, बांधावर किरडू असतं," हे आजीचं रोजचं वाक्य. आजोबा त्यालाच बत्ती म्हणायचे. आता लिहिताना सुचलं: तोफेलाही बत्तीच देतात, 'सरबत्ती'तही बत्ती आहे. बॅटरी आणि बत्ती एकच तर नसतील?

उंबरठा
नाही हो, बत्ती संस्कृत 'वर्ति'वरून, वात याच घरातली. दोघींचं नातं नाही. पण तुमच्या आजीची बॅटरी खरोखरच तोफांवरून आली आहे. बेंजामिन फ्रँकलिनने १७४९ मध्ये वीज साठवणाऱ्या काचेच्या बरण्या एकत्र जोडल्या, आणि त्या रांगेला तोफांच्या बॅटरीवरून बॅटरी म्हटलं. पुढे विजेच्या घटांना तेच नाव राहिलं. घट टॉर्चमध्ये गेले आणि आपल्याकडे टॉर्चच बॅटरी झाला.

वेशीबाहेर
हे आजीला सांगायला हवं होतं.

गडवाट
दमदमा मेला असं म्हणणाऱ्यांसाठी. कोलकात्याचं डमडम म्हणजे हाच दमदमा. तिथे इंग्रजांचा तोफखाना होता, तिथल्या कारखान्यावरून डमडम गोळी झाली. जगभर गेलेला शब्द मेलेला कसा?

अमृतवेल
बंगालात जिवंत आहे म्हणून मराठीत जिवंत होत नाही. आणि शिखांच्या दमदमा साहिबचा अर्थ विसाव्याची जागा असा सांगतात. म्हणजे दम घेण्याची जागा. मग तोफेचा चौथरा आणि विसावा, कोणता खरा?

गडवाट
दोन्ही. उंचवटा चढून गेल्यावर माणूस दम घेणारच.

अमृतवेल
ही व्युत्पत्ती नव्हे, ओढाताण आहे.

कॅलेकर
नॉर्मंडीत नाही, पण उत्तरेला कॅलेजवळ राहतो. 'अवशेष'बद्दल थोडं. सांगात गावाजवळ जर्मनांची लिंडेमान बॅटरी होती, ४०.६ सेंटिमीटरच्या तीन तोफा, रोख थेट इंग्लंडवर. खाडीखालचा बोगदा खणला तेव्हा निघालेला राडा तिथेच टाकला, आणि ती बॅटरी त्याखाली गाडली गेली. मी तिथे फिरायला जातो तेव्हा पायाखाली नुसतं गवत. आता तिला अवशेष म्हणायचं की नाही? आहे, पण दिसत नाही. उलट लाँगला सगळं दिसतं. एकाच शब्दात दोन्ही बसवायला मला जड जातं.

देवळालीकर
या किनारी तटबंदीत आपली माणसंही होती हे किती जणांना माहीत आहे? नेताजींनी जर्मनीत उभं केलेलं हिंदी सैन्य, जर्मनांची ९५० वी रेजिमेंट, सुमारे अडीच-तीन हजार लोक. त्यांना आधी हॉलंडच्या किनाऱ्यावर आणि मग बोर्दोजवळ लाकानोला ठेवलं होतं. फेब्रुवारी १९४४ मध्ये जर्मन सेनापती रोमेल त्यांना बघायला आला होता. त्यांची भाषा तोफेच्या खोलीत काय होती? हुकूम जर्मन, बोलणं हिंदुस्तानी. त्यांनी त्या काँक्रीटला काहीतरी म्हटलंच असेल. तो शब्द आपल्यापर्यंत आला नाही, याचं मला वाईट वाटतं.

जुनी_पोथी
काका, फार महत्त्वाचं लिहिलंत. यावर वेगळा धागा काढा.

मांडवीकाठ
खणाला कोणी उत्तर दिलं नाही, म्हणून पुन्हा लिहितो. केसमेटचं मुख्य लक्षण म्हणजे वर छत आणि एकच तोंड. नीलमोहरने लिहिलेलं वाचून मला देवळाचा गाभाराच आठवला. अंधार, एक दार, मधे एकच वस्तू. 'तोफेचा गाभारा'?

अमृतवेल
कृपा करून गाभारा नको. त्यात माणसं मारायचं यंत्र बसवू नका. गाभाऱ्याकडे आपण आत जातो, या खोलीतून मरण बाहेर जातं.

मांडवीकाठ
तुमची भावना समजते. पण शब्द आकारावरूनही प्रवास करतात. विहिरीच्या आतल्या पोकळीलाही आमच्याकडे गाभारा म्हणणारे आहेत.

अमृतवेल
विहीर पाणी देते.

गडवाट
समोरच्या उघड्या तोंडाचंही नाव ठरवायला हवं. गडावर बंदुकीसाठी तटात असतात त्या जंग्या. तोफेला त्याहून मोठा झरोका. इथे तोफ शंभर अंशांहून जास्त फिरते म्हणजे तोंड चांगलंच रुंद. झरोका म्हटलं की वाऱ्याची झुळूक येते. मी 'तोफेचं तोंड' म्हटलं असतं, पण मग नळीचं तोंड कोणतं आणि खोलीचं कोणतं?

नीलमोहर
सगळ्यांचे आभार. अंक गुरुवारी छपाईला जातोय. काल रात्री संपादकांशी बोलले. ते मोर्चा सोडायला तयार आहेत, भग्नावशेष सोडायला तयार नाहीत. मी 'माऱ्याचं ठाणं' सुचवलं, तर म्हणाले पोलीस ठाणं वाटेल. खोलीसाठी सध्या 'खण' ठेवलाय, पहिल्या वापराच्या वेळी एका वाक्यात समजावून. 'अवशेष'चं मात्र अजून अडलंय. 'उरलेलं ठाणं' असं लिहून पाहिलं, आईने वाचलं आणि म्हणाली, उरलेलं तर अन्न असतं.

कॅलेकर, तुम्ही त्या गाडलेल्या बॅटरीला मनात काय म्हणता?

कॅलेकर
मनात तिला 'खालची' म्हणतो. लेखात चालणार नाही.

वेशीबाहेर
'खुणा' का नको? 'तोफांच्या खुणा'.

देवळालीकर
खुणा पुसट असतात. तिथे एकेक तोफ कित्येक टनांची आहे.

जुनी_पोथी
मारगिरीकडे परत येतो. यातलं 'गिरी' दादागिरीतलंच ना? फारसीत हा प्रत्यय 'धरणे'वरून आला असावा. मग मार धरणे म्हणजे नेमकं काय, मारा चालू ठेवणे की माऱ्याखाली धरून ठेवणे? दुसरा अर्थ असेल तर वेढ्याच्या वर्णनांत तो फार नेमका बसतो. कोणाकडे जुन्या पत्रांतली आणखी उदाहरणं असतील तर द्या.

गडवाट
आहेत. रात्री घरी जाऊन वह्या काढतो.